दादांचा धंदा आणि वहिनींची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चौरंगावर काय काय मांडायचे, याचा आमच्या घरी एक ठरलेला शिरस्ता आहे. मधोमध लक्ष्मीची तसबीर, पायाशी नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, वसईची सुकेळी, आणि उजव्या अंगाला लाल कापडी बांधणीची कोरी करकरीत खतावणी. वहिनी तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, वर 'श्री' लिहितात आणि मग आरती होते. २०२४ सालच्या दिवाळीत मात्र या चौरंगावर एक नवा पाहुणा आला. पुतण्याने आपला लॅपटॉप आणून खतावणीला खेटून ठेवला आणि म्हणाला, "आई, यंदा यालाही कुंकू लाव. पुढच्या वर्षी फक्त यालाच लावायचंय!"

वहिनींनी कुंकू लावले. पण बोट क्षणभर थबकले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. त्या थबकलेल्या बोटाची ही हकीकत आहे.

आता, मी पडलो महाविद्यालयात मराठी शिकवणारा माणूस. विजेचा आणि माझा संबंध दिवा लावणे व मालवणे एवढाच. तेव्हा विजेच्या कामाच्या ठेकेदाराने हिशेबासाठी संगणकाची कोणती प्रणाली घ्यावी, या विषयावर मी लेखणी उचलावी हे वाचकांना नवलाचे वाटेल. पण आमच्या घरात हा प्रश्न वर्षभर इतका गाजला, की अखेर त्यात मलाही ओढले गेले. आणि जे पाहिले ते एकट्या विजेच्या ठेकेदारापुरते नाही, अशी माझी खात्री झाली आहे. ज्या घरात दुकान आहे, दवाखाना आहे, शिकवणी आहे, किंवा सोसायटीची चिटणिशी गळ्यात पडलेली आहे, त्या प्रत्येक घरात आज ना उद्या हा प्रश्न येणारच.

दादांचा धंदा लहानच. वालीवला एका औद्योगिक वसाहतीत गाळा, पंधरा-सोळा वायरमन आणि मदतनीस, दोन सुपरवायझर आणि एक टेम्पो. पण कारभार रीतसर. कंपनी नोंदलेली, 'प्रायव्हेट लिमिटेड' अशी पाटी गाळ्यावर लावलेली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिकांची मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. त्याच्या आधीपासून आणि नंतरही इथे इमारती अशा उगवल्या, की पावसाळ्यात शेवाळ उगवावे. जितक्या इमारती तितकी वायर, आणि जितकी वायर तितके दादांचे काम.

मात्र या धंद्यात पैसा कसा फिरतो हे बाहेरच्याला सहसा ठाऊक नसते. मलाही नव्हते. स्लॅब पडण्यापूर्वी त्यात पाइप टाकावे लागतात, ते स्वतःच्या पैशाने. मग भिंतीतली कामे, मग वायर ओढणे, मग डी.बी. आणि एम.सी.बी., मग अर्थिंग आणि चाचणी. वायरची कॉइल ९० मीटरची. तांब्याचा भाव वर-खाली होतो, पण ठेक्याचा दर मात्र सही केली त्या दिवशीचाच राहतो. काम पुढे सरकेल तसे मोजमाप करून चालू बिल द्यायचे. त्या बिलातून आधी प्राप्तिकराची एक-दोन टक्क्यांची कापणी होते. मग शंभरातले पाच रुपये, कुठे दहाही, बिल्डर 'रिटेन्शन' म्हणून राखून ठेवतो. पुढे वर्षभरात कामात दोष निघाला नाही तर ते परत मिळायचे. परत मिळायचे म्हणजे, मागितले तर मिळायचे! न मागता आठवणीने पैसे पाठवून देणारा बिल्डर अजून दादांच्या पाहण्यात आलेला नाही. थोडक्यात, विजेचा ठेकेदार म्हणजे स्वतः उसनवारी करून दुसऱ्याला बिनव्याजी कर्ज देणारा सावकार!

हा सगळा व्याप वीस वर्षे वहिनींनी चार वह्यांत सांभाळला. एक रोजकीर्द, दुसरी साईटवार खतावणी, तिसरी मालाची, चौथी वायरमनांच्या हजेरीची आणि उचलीची. आणि खतावणीच्या अगदी शेवटच्या पानावर, लाल शाईने, एक यादी. कोणत्या इमारतीचे किती रुपये राखून ठेवले आहेत आणि ते कोणत्या महिन्यात मागायचे, एवढेच त्यात. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वहिनी ते पान उघडत आणि दादांना म्हणत, "अहो, पापडीच्या इमारतीचं वर्ष भरलं. आज फोन करा." वर्षानुवर्षे हे इतके बिनबोभाट चालले होते, की ही काही वेगळी व्यवस्था आहे असे कुणाच्या ध्यानातच आले नाही. घरातल्या बाईने केलेल्या कामाचे बहुधा असेच होते.

वह्यांचा दोष वहिनींनाही मान्य होता. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेले तेव्हा गाळ्यातही पाणी शिरले. खालच्या फळीवरच्या दोन वर्षांच्या वह्या भिजून त्यांचा लगदा झाला. वहिनींनी एकेक पान घरात दोरीवर वाळत घातले. पण शाई पसरली ती पसरलीच. त्या वर्षीचे काही येणे कायमचे बुडाले. त्यातच १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आलेला. दर महिन्याची विवरणपत्रे, प्रत्येक वस्तूचा सांकेतिक क्रमांक, आणि १ जानेवारी २०२२ पासून तर असे, की आपण ज्याच्याकडून माल घेतला त्या पुरवठादाराने आपले विवरणपत्र भरले, आणि ते आपल्या खात्यात उमटले, तरच आपण भरलेल्या कराची वजावट मिळायची. हे सारे वहीत बसवणे म्हणजे लोकलच्या डब्यात बैलगाडी बसवण्यासारखे झाले होते. वह्यांवरून हिशेब तपासनिसांच्या कचेरीतला मुलगा संगणकावर नोंदी करी, आणि चूक निघे ती दोन-तीन महिन्यांनी.

तेव्हा पुतण्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्याने विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली आहे, पोरगा हुशार आहे, आणि कष्टाळूही आहे. चुकली ती त्याची रीत.

दिवाळीनंतर आठच दिवसांत एक विक्रेता गाळ्यावर आला. (त्याच्या कंपनीचे नाव इथे सांगण्याचे कारण नाही.) त्याने भिंतीवर पडदा सोडला आणि रंगीत चित्रे दाखवायला सुरुवात केली. कोणत्या साईटवर किती नफा हे एका गोलात, कोणता वायरमन कुठे आहे हे नकाशावर, येणे-देणे हिरव्या-तांबड्या खांबांत. दादा थक्क झाले. वीस वर्षांत आपला धंदा त्यांनी असा कधी पाहिलाच नव्हता! वहिनी मागे चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हे सगळं यात भरायचं कोणी?"

"मॅडम, ते अगदी सोपं आहे," विक्रेता म्हणाला, आणि पुढचे चित्र दाखवले.

त्या प्रश्नाचे उत्तर मिळालेच नाही, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आले नाही. वर्षाची वर्गणी भरली गेली, माणशी वेगळी. वहिनींना सांगण्यात आले, की आता वह्या बंद.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. सुपरवायझरांनी रोज संध्याकाळी मोबाइलवर माल आणि हजेरी भरावी अशी अपेक्षा होती. पण एका नोंदीला बारा चौकोन भरावे लागत, तेही इंग्रजीत. दिवसभर शिडीवर उभा राहिलेला माणूस सात वाजता नालासोपाऱ्याची गाडी गाठील, की बारा चौकोन भरील? पहिल्या महिन्यात नोंदी रोज झाल्या, दुसऱ्यात आठवड्याने, तिसऱ्यात आठवण आली तर. चित्रे मात्र तशीच रंगीत होती. अर्ध्या नोंदींवर काढलेले चित्रही पूर्ण नोंदींवर काढलेल्या इतकेच देखणे दिसते. संगणकाची ही एक मोठी गंमत आहे, आणि मोठा धोकाही!

२०२५ चा मार्च उजाडला. दोन बिल्डरांची बिले अडकली, केबलवाल्याची उधारी तुंबली आणि मजुरीची तारीख तर दारात उभी. शिमग्याला पोरे गावी जाणार, त्यांच्या हातात पैसे द्यायलाच हवेत. दादांनी कुणालाही न सांगता वहिनींच्या पाटल्या बँकेत ठेवून कर्ज काढले. कुणालाही न सांगता म्हणजे, अर्थात, वहिनींना सांगून. त्यांनीच त्या काढून दिल्या.

त्याच रात्री वहिनींना झोप येईना. उठल्या, आणि कपाटातून बंद केलेली खतावणी काढून सहज चाळू लागल्या. शेवटच्या पानावर लाल शाईत ओळ होती: नायगावची इमारत, ठेका ३७,२०,००० रुपये, राखीव १,८६,००० रुपये, मागायचे जानेवारीत.

जानेवारी उलटून दोन महिने झाले होते. नव्या प्रणालीत नायगावच्या कामापुढे 'पूर्ण' अशी हिरवी खूण होती. काम पूर्ण झाले होते, शेवटचे बिलही आले होते. राखून ठेवलेल्या पाच टक्क्यांसाठी तिथे चौकोनच नव्हता, आणि असा काही चौकोन लागतो हे ज्याने प्रणाली निवडली त्याला माहीत नव्हते. ज्यांना माहीत होते त्यांना कुणी विचारले नव्हते.

सकाळी वहिनींनी वही दादांपुढे ठेवली. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाल्या, "मी लिहायचं सोडलं, ते सोडायला नको होतं." पुतण्या मान खाली घालून बसला होता. त्याच दिवशी दादांनी बिल्डरला पत्र दिले. पण मागणीला उशीर झाला की देणाऱ्यालाही उशीर करायचा हक्क मिळतो. पैसे हाती यायला जून उजाडला. तोवर पाटल्या बँकेत, आणि व्याज चालू.

त्या रविवारी आम्ही चौघे माझ्या घरी बसलो. पुतण्या म्हणाला, "काका, वह्यांकडे परत जायचं का?" मी सांगितले, की परत जाणे हा उपाय नव्हे, पण पुढे जाताना वही बरोबर घेऊन जायला हवी. आणि इथे मला माझ्या विषयातली एक गोष्ट आठवली.

'टॅली' हा शब्द आपल्याकडे हिशेबाच्या संगणक प्रणालीचे नाव म्हणून घरोघरी पोचला आहे. आपल्या 'ताळा', 'ताळमेळ' या शब्दांचा तो सख्खा भाऊ वाटतो. पण हे केवळ ध्वनिसाम्य, त्यावरून व्युत्पत्ती काढण्याचा मोह मी आवरतो. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ खाचा पाडलेली काठी. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात शतकानुशतके हिशेब अशा काठ्यांवर ठेवला जाई. रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या आणि काठी उभी चिरून एक फाक देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे ठेवायची. दोन्ही फाका जुळल्या की व्यवहार खरा. आपल्याकडे दुधाचा हिशेब भिंतीवरच्या रेघांनी ठेवीत, त्याच जातीची ही रीत. पुढे कागदी हिशेब आला, काठ्या निरुपयोगी झाल्या, आणि १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या ढिगाने पार्लमेंटच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या. आग इतकी भडकली, की पार्लमेंटची इमारतच जळून गेली! जुन्या हिशेबाची घाईघाईने विल्हेवाट लावणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

आणि आजच्या 'टॅली'चा जन्मही ऐकण्यासारखा आहे. श्यामसुंदर गोएंका नावाचे उद्योजक गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. आपल्या हिशेबाला जुळेल अशी प्रणाली त्यांना बाजारात मिळेना. गणिताचा पदवीधर असलेला त्यांचा मुलगा भारत याने ती लिहिली, आणि १९८६ साली त्यातून बंगळूरची कंपनी उभी राहिली. आपल्या मुंबईतही असेच घडले. ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा धंदा. त्याला लावायच्या प्रणालीच्या खटपटीतून 'ईआरपीनेक्स्ट' ही प्रणाली जन्माला आली. तिचा कार्यक्रम कुणालाही फुकट घेता येतो, बदलताही येतो. दोन्ही गोष्टींत एक सूत्र आहे. आधी धंद्यातल्या माणसाचा प्रश्न होता, मग त्याला यंत्राने उत्तर दिले. आम्ही उलटे केले होते. उत्तर आधी विकत आणले, आणि आपला प्रश्न काय हे पाहिलेच नाही.

म्हणून त्या रविवारी पहिले काम हे केले, की वहिनींना प्रश्न विचारायला सांगितले आणि पुतण्याला ते लिहून घ्यायला. वहिनी आधी संकोचल्या. "भावोजी, मला काय कळतं त्यातलं?" पण एकदा सुरू झाल्या, तेव्हा दादाही तोंडात बोट घालून ऐकत राहिले. त्यांचे प्रश्न असे होते.

एका इमारतीवर माल किती गेला, मजुरी किती, बिल किती झाले आणि आले किती, हे एका जागी दिसेल का? राखून ठेवलेली रक्कम वेगळी दिसेल का, आणि ती मागायचा महिना आला की कळेल का? विरारच्या साईटवरून उरलेल्या दोन कॉइल नायगावला नेल्या, तर एकीकडून वजा आणि दुसरीकडे जमा होईल का? पुरवठादाराने कर भरला नसेल तर ते महिन्याच्या आत समजेल का? आणि शेवटचा प्रश्न तर फारच मार्मिक होता: "माझ्या वहीत चूक झाली तर मी एक रेघ मारते, वर बरोबर आकडा लिहिते. खालचा वाचता येतो. खोडरबर मी कधी वापरला नाही. यात चूक दुरुस्त केली तर जुना आकडा दिसतो का?"

त्यांना ठाऊक नव्हते, पण हाच नियम सरकारने केला आहे. नोंदणीकृत कंपनी जर संगणकावर हिशेब ठेवीत असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून तिची प्रणाली अशीच हवी, की प्रत्येक बदल कधी व काय झाला याची नोंद आपोआप राहील आणि ती नोंद बंद करता येणार नाही. शिवाय कंपनीला आठ वर्षांचे हिशेब जपून ठेवावे लागतात. वीस वर्षांपूर्वी एका गृहिणीने आपल्या मनाने पाळलेली शिस्त आणि कायद्याची भाषा, दोन्ही शेवटी एकाच ठिकाणी आल्या!

दादांनी एक प्रश्न जोडला. "उद्या ही प्रणाली सोडायची ठरवली, तर आपले आकडे आपल्याला परत मिळतील का?" वसईच्या किल्ल्याला दोन दरवाजे आहेत, एक समुद्राकडचा, एक जमिनीकडचा. बांधणाऱ्यांना आत येण्याइतकीच बाहेर पडण्याची वाटही महत्त्वाची वाटली होती. हिशेबाच्या प्रणालीला दुसरा दरवाजा आहे की नाही, हे पैसे देण्याआधी पाहायचे असते, अडकल्यावर नव्हे.

मग परीक्षा ठरली. चित्रे पाहायची नाहीत. नायगावच्या कामाचे सगळे कागद, चलने, बिले, हजेरी, मोजमापाची पुस्तके, एका पिशवीत भरली. ज्या प्रणाल्या काही दिवस फुकट वापरून पाहता येतात, त्या प्रत्येकीत हीच पिशवी रिकामी करायची. आणि भरायचे पुतण्याने नव्हे, वहिनींनी. पुतण्याने शेजारी बसायचे, पण हात लावायचा नाही. ही अट माझी. बिचाऱ्याला ती जड गेली, पण त्याने पाळली.

अमेरिकेतल्या विजेच्या ठेकेदारांसाठीच्या दोन प्रणाल्या पुतण्याने हौसेने शोधल्या होत्या. त्या पहिल्याच संध्याकाळी बाद झाल्या. तिकडे कारागीर गाडी घेऊन घरोघरी जातो, तासाप्रमाणे पैसे घेतो आणि तिथेच बिल फाडतो; ती प्रणाली त्या धंद्याच्या मापाने शिवलेली. आपल्या करांचा तिला पत्ता नाही, आणि वर्गणी डॉलरमध्ये. दुसऱ्याच्या मापाचा सदरा कितीही भारी कापडाचा असला, तरी काखेत दाटतोच.

'व्यापार' नावाची प्रणाली मोबाइलवर चालते. ती वहिनींना तासाभरात जमली. बिल करणे, उधारी पाहणे यांत ती सुटसुटीत. एकट्या कारागिराला किंवा विजेच्या सामानाच्या दुकानाला ती पुरेशी आहे, असे आमचे मत पडले. साईटवार हिशेबाला मात्र ती आम्हाला तोकडी वाटली. 'झोहो बुक्स' इंटरनेटवरून चालते, त्यामुळे गाळ्यात पाणी शिरले तरी आकडे दूर सुरक्षित. वालीवला इंटरनेट गेले की मात्र काम थांबणार, ही दादांची धास्ती. 'ईआरपीनेक्स्ट'मध्ये वहिनींच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांना उत्तर होते. पण ती बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस हवा. कार्यक्रम फुकट आहे, माणूस फुकट नाही. पुतण्याने ते अंगावर घेतले असते. पण तो साईटवर गेला, की मागे कोण?

राहता राहिली 'टॅली'. तिच्यात प्रत्येक साईट हे खर्चाचे स्वतंत्र केंद्र करता येते, आणि तीच साईट मालाचे गोदाम म्हणूनही मांडता येते. म्हणजे दोन कॉइल विरारच्या गोदामातून नायगावच्या गोदामात गेल्या, एवढीच नोंद. राखीव रकमेसाठी वेगळे खाते उघडले, आणि त्यात प्रत्येक इमारतीची रक्कम तिच्या मुदतीसह वेगळी ठेवली. जमाखर्चाची रीत वहिनींच्या ओळखीची, नोंदी मराठीतही घेता येतात. हिशेब तपासनिसांच्या कचेरीतही तीच प्रणाली. आणि वसईत ती येणारी मुले गल्लोगल्ली मिळतात. उद्या वहिनींना आजारपण आले तर दुसरा माणूस चार दिवसांत बसू शकेल, ही गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोलाची.

दोष तिच्यातही आहेत. सुपरवायझरच्या रोजच्या नोंदीला ती सोयीची वाटली नाही. त्यावर तोडगा वहिनींनीच काढला. सुपरवायझरने काही भरायचे नाही. रोज संध्याकाळी चलनाचा आणि हजेरीच्या पानाचा फोटो काढून मोबाइलवर पाठवायचा, बस्स. वहिनी सकाळी दीड तास बसून नोंदी करतात. बारा चौकोनांच्या जागी एक फोटो! तो चुकवायला सुपरवायझरला सबब उरली नाही.

दर शनिवारी पुतण्या सगळ्या हिशेबाच्या दोन प्रती काढतो. एक इंटरनेटवर दूर ठेवतो, दुसरी घरी वरच्या मजल्यावर. २०१८ चा पाऊस आम्ही विसरलेलो नाही.

माझा यांतल्या कोणत्याही कंपनीशी संबंध नाही, आणि दादांनी घेतले तेच तुम्हीही घ्यावे असे मी म्हणणार नाही. तुमचा धंदा वेगळा, तुमची वही वेगळी. पण वर्षभराच्या या खटाटोपातून मला एक गोष्ट उमगली, ती मात्र निःशंकपणे सांगतो. असली प्रणाली निवडताना आपण चित्र पाहणाऱ्याच्या खुर्चीत बसतो, आणि तिथेच फसतो. निवडायचे ते पाहणाऱ्यासाठी नव्हे, रोज लिहिणाऱ्यासाठी. संध्याकाळी थकल्यावरही ज्याच्या हातून नोंद होईल, त्याचा कौल पहिला. किंमत मोजताना तिच्या पावतीबरोबर दरवर्षीचे नूतनीकरण, माणशी वर्गणी आणि त्या लिहिणाऱ्याचे तासही मोजावेत. आमच्या घरी ते तास वीस वर्षे कुणी मोजलेच नव्हते. आता वहिनींना कंपनीतून दरमहा पगार मिळतो. रक्कम विचारू नका. पण नोंद त्यांनीच केलेली आहे, आणि ती खोडता येत नाही!

१ एप्रिल २०२५ रोजी नवे हिशेब सुरू झाले. आधीच्या प्रणालीच्या वर्गणीचे उरलेले महिने वाया गेले, ते आम्ही शिकवणीची फी समजून सोडून दिले. जूनमध्ये नायगावचे पैसे आले आणि त्याच आठवड्यात पाटल्या सुटल्या. ऑगस्टमध्ये एका पुरवठादाराने कर भरला नसल्याचे पंधरा दिवसांत कळले. दादांनी त्याचे पुढचे बिल अडवले आणि त्याने विवरणपत्र भरले. फार मोठे पराक्रम नव्हेत हे. पण या दिवाळीचा बोनस यंदा कर्ज न काढता, वेळेवर वाटायचा असे दादांनी ठरवले आहे, आणि पैसे वेगळे काढून ठेवले आहेत. सोळा घरांत त्याचा उजेड पडेल.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा लक्ष्मीपूजनाची तयारी चालू असेल. यंदा चौरंगावर काय मांडायचे, हे मी परवा पुतण्याला विचारले. म्हणाला, "लॅपटॉप ठेवू. आणि आईची वहीपण."

वही आता एकच उरली आहे, तीही पातळशी. तिच्यात फक्त लाल शाईची यादी असते. संगणकावर ती आहेच. तरी वहिनी महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन्ही याद्या समोर ठेवून ताळा पाहतात. अजून एकदाही फरक पडलेला नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. एप्रिलची पहिली नोंद कोणती केली ते पाहावे म्हणून मी मध्यंतरी सहज पडद्यावर डोकावलो. नायगावच्या टेम्पोचे भाडे, ६५० रुपये, इतकी साधी नोंद. तिच्या तपशिलाच्या रकान्यात, भाड्याच्या आधी, वहिनींनी एकच अक्षर लिहिले होते: श्री.